मुखवटा रडतो कसा?

व्यायामोपचाराच्या दवाखान्यात माझ्या शेजारी बालवाडीच्या एक बाई बसल्या होत्या. आजारात त्यांचा अर्धा चेहरा लुळा पडला होता. त्यांची भाची नाटकाच्या परीक्षेचं घोकत होती.

“आत्या, ग्रीक शोकांतिकेत नट मुखवटे घालायचे. उघड्यावर, डोंगरउतारावर हजारो माणसं बसायची. लांबच्यांना चेहरा कुठला दिसायला?”

“पण मुखवटा तर हलत नाही. मग राजा रडतोय हे कळायचं कसं?”

“आवाजावरून. मान खाली गेली की. शिवाय कोरस असायचा, गाणाऱ्यांचा घोळका. तो राजासाठी हळहळायचा.”

“राजा पापी असायचा का गं?”

“छे! चांगलाच माणूस. हातून एक मोठी चूक व्हायची आणि ती कळायची फार उशिरा.”

“अरेरे.”

“तुझी चूक सांगू? पर्समध्ये आहे. राजीनामा!”

“हळू बोल. हसले की तोंड वाकडं होतं माझं. पोरं घाबरतील.”

“पोरांना विचारलंस?”

“फार शहाणी झालीस.”

“आवाज तर तोच आहे ना, आत्या?”

“बाई, आत या, तुमचा नंबर!”

“आले हो. अगं, ते मुखवटे कशाचे करायचे?”

“कापडाचे. थरावर थर चिकटवून.”

“वर्गात बावीस पोरं आहेत. घरातल्या जुन्या चादरी पुरतील?”

“आणि राजीनामा?”

“कागद जाड आहे चांगला. राजाचं नाक होईल त्याचं.”