बाबांचा मास्क

विशाखा : पेटीले हात लावू नको, प्रमोद.

प्रमोद : ताई, दोन दिवसांचा प्रश्न आहे. उद्या तपासणीवाले साहेब येऊन गेले की परत आणून देतो.

विशाखा : बाबा गेले तवा म्हणालास, हे भंगार कायले ठेवतेस. आता त्याच मास्कसाठी कडोदऱ्याच्या मिलमधून इथं लिंबायतले माझ्या घरी आलास?

प्रमोद : शेठ म्हणतो, टाकीजवळ एक तरी मास्क दिसला पाहिजे. नवा आणला तर लगेच कळेल. हा वापरलेला वाटतो.

विशाखा : वापरलेलाच हाय. हाच लावून बाबानं खाणीतून अकरा माणसं जिती काढली.

प्रमोद : माहितीये. भोंगा वाजला की जेवणाच्या ताटावरून उठायचे. आपल्यासाठी कधी उठले?

विशाखा : तुझ्या हाताखालच्या मगनले टाकीत कोणं उतरवलं?

प्रमोद : शेठनं सांगितलं, मी उतरवलं. सुपरवायझर आहे मी, नाही कसं म्हणणार?

विशाखा : आत गॅस हाय का, पाह्यलं होतं?

प्रमोद : कापड रंगवायच्या डाइंगची सांडपाण्याची टाकी ती. खाण थोडीच आहे!

विशाखा : अन् योगेश?

प्रमोद : मगनला काढायला तो स्वतःच उतरला. मी ओरडलो, जाऊ नको.

विशाखा : तू नाही उतरलास.

प्रमोद : नाही उतरलो! मास्क नसेल तर दुसराही मरतो, हे बाबांनीच शिकवलं ना? त्यांच्यामुळेच वाचलो मी, बस?

विशाखा : तेवढंच ध्यानात राह्यलं तुझ्या. साहेबाले काय सांगणार?

प्रमोद : मास्क दिला होता, त्यांनीच लावला नाही.

विशाखा : म्हणजे मेले ते सोताच्याच चुकीनं. अरे, मगनले केवढी दाढी होती! दाढीवर हा मास्क बसत नाही. म्हणून तर बाबा रोज घोटून दाढी करत.

प्रमोद : साहेब एवढं बघत नाहीत. ताई, कागदावर माझं नाव आहे. मी तुरुंगात गेलो तर माझ्या गायत्रीला कोण बघेल? बापाशिवाय वाढेल ती.

विशाखा : मगनची पोरगी वाढतेच हाय.

प्रमोद : देतेस की नाही?

विशाखा : ने. पण काचेच्या कडेले आतून पाहा. बाबानं खिळ्यानं आपलं नाव कोरलं हाय, श्रीपत. ते खरवडून ने. इथंच बस, माझ्यासमोर.

प्रमोद : (मास्क उलटा करून कोरलेल्या नावावर नख घासून पाहत) ब्लेड आहे का घरात?