काट्यावरचं झाड

(जंगलाच्या कडेला वजनकाट्याची शेड. बाहेर नुकतंच पाडलेलं मोठं झाड, ओंडके करून ठेवलेलं. आत दोघंच.)

वडील : काटा शून्यावर आणा, मॅडम. मग ठेवतो पुढचा ओंडका.

मुलगी : बाबा, आत्ता कुणी नाहीये इथे. आमचं काम बघायला आलेले पाहुणे फोनवर बोलायला बाहेर गेलेत.

वडील : असू दे. जिभेला वळण राहू दे. मधेच ‘बाळ’ निघालं तोंडातून, तर तुझी पंचाईत.

मुलगी : टोचून बोलताय.

वडील : टोचून कसलं? सकाळी तूच सांगितलंस ना त्यांना, ‘कंत्राटी मजूर आहेत, आजच्यापुरते.’ मी टेपचं दुसरं टोक धरून तिथेच तर उभा होतो. खोटं काय होतं त्यात? मजूर आहे, आणि आजच्यापुरताच आहे.

मुलगी : अहो, ते आल्या आल्याच सुरू झाले. करवत चालवणाऱ्यांनी पृथ्वीचा तवा केला, असल्या माणसांचं तोंड बघू नये वगैरे. आणि लगेच तुमच्याकडे बघून विचारलं, हे कोण? माझ्या तोंडातून भलतंच निघून गेलं.

वडील : ते तरी काय चुकीचं बोलले? उभा जन्म झाडंच पाडली ना मी.

मुलगी : आणि त्यावरच मी शिकले. हे म्हणायला हवं होतं मी.

वडील : ठेवला बघ. वाच.

मुलगी : अडतीस किलो.

वडील : लहानपणी तुला वाण्याच्या काट्यावर बसवायचो. उतरायचं नावच घ्यायची नाहीस. वाणी म्हणायचा, काय हो, पोरगी विकायला काढलीत का?

मुलगी : बाबा, नका ना.

वडील : बरं, राहिलं. पण एक सांग. एवढं देवासारखं झाड पाडायचं, तोलायचं, म्हणजे बाकीची वाचतात ती कशी?

मुलगी : उभं झाड काट्यावर कसं चढवणार? हे एक नीट तोललं, याचे तुकडे वाळवले, की यात कार्बन किती साठलाय ते कळतं. मग बाकीच्यांचा नुसता घेर नि उंची मोजून अंदाज बांधता येतो. ऊन असं वाढत चाललंय, त्यात झाडं पूर्वीइतकं साठवतात की दमलीत, तेही बघायचंय.

वडील : म्हणजे आपल्या सगळ्यांचा धूर ही मुकाट्याने पोटात घालतात. आणि आपण... जाऊ दे.

मुलगी : तुम्ही तर करवत देवापुढे ठेवली होतीत. पुन्हा हात लावणार नाही म्हणाला होतात.

वडील : तुझा फोन आला ना. दुसऱ्या कुणी पाडलं तर शेजारची झाडं चिरडतील म्हणालीस. देवाला म्हटलं, बाबा रे, लेकीचं काम आहे, एवढ्या वेळेला डोळेझाक कर.

मुलगी : आणि मी तुम्हाला...

वडील : श्श. आले ते. हा पुढचा ओंडका ठेवला बघ.

पाहुणा : माफ करा हं, फोन लांबलाच. काका, तुम्हीही बसा की जरा. सकाळी मी फार बोललो. पण पाडण्याआधी तुम्ही बुंध्याला डोकं टेकवलंत, ते पाहिलं मी. तेव्हापासून चैन नाही मला.

वडील : त्यात काय, साहेब. ज्याचा जीव घ्यायचा, त्याला निदान सांगावं तरी.

पाहुणा : घरी कोण कोण असतं?

वडील : मी एकटाच. मुलगी आहे एक. ती लांब असते.

पाहुणा : येते का भेटायला?

वडील : येते की! फार मायाळू आहे. मला साधा खोकला झाला तरी धावत येते. पण कामाचा व्याप केवढा! त्याला ती तरी काय करणार?

पाहुणा : नशीबवान आहात. बरं मॅडम, आकडा सांगता ना?

मुलगी : अं?

पाहुणा : या ओंडक्याचा. काटा केव्हाचा स्थिर झालाय.

मुलगी : दिसत नाहीये नीट.

वडील : भुसा गेला असेल डोळ्यात. साहेब, मघापासून उडतोय नुसता. घ्या मॅडम, स्वच्छ आहे रुमाल.

मुलगी : नका म्हणू.

पाहुणा : काय झालं?

वडील : काही नाही हो, उकडतंय किती आज. मॅडम, पाणी आणू का?

मुलगी : मॅडम नका म्हणू, बाबा.

पाहुणा : बाबा?

मुलगी : माझे वडील आहेत. सकाळी मी तुम्हाला... वडील आहेत हे माझे.

पाहुणा : पण काका, तुम्ही तर आत्ता म्हणालात, मुलगी लांब असते.

वडील : होती, साहेब. आत्ताच आली.