चिप कुणी निवडली

चौकशीच्या खोलीबाहेर माझ्या शेजारी लसींचे फ्रिज बनवणाऱ्या कंपनीतले दोघे बसले होते, साहेब आणि त्यांची डिझायनर.

"तापमान मोजणारी चिप तूच निवडलीस ना?"

"निवडली मीच. पण ती लसींच्या कप्प्यात बसवायची होती. वायरिंगचा व्याप नको म्हणून तुम्ही ती पॉवर सप्लायला खेटून बसवायला लावलीत."

"तेवढ्यानं काय बिघडतं?"

"तिला सप्लायची धग लागत राहिली. फ्रिजला वाटलं आत गरम आहे, म्हणून तो गारच करत सुटला. लसी गोठून निकामी झाल्या आणि तशाच मुलांना टोचल्या."

"आत गेल्यावर चिपच खराब होती म्हणून सांग."

"चिप खोटं बोलली नाही, साहेब."

दार उघडलं. "आधी कोण येतंय?"

"हिला घ्या. चिप हिनंच निवडलीये."