जपानच्या रुमालाची गाठ

माझं माहेर येरमाळ्याचं, दिली तामलवाडीत, शेती पोटापुरती अन् एकुलती एक पोरगी, सुरेखा. ती नर्सिंग शिकली अन् जपानला म्हातारी माणसं सांभाळायच्या कामावर गेली. काय सांगू तुम्हाला, तिचे वडील लई बिघडले. म्हणले, परक्यांचं हगणंमुतणं काढायला शिकवली व्हय तुला? तवापासून बोलणंच टाकलं, तिचा फोन आला की उठून रानात जायचे.

पुढं ती सुट्टीला आली. वडलांसाठी शाल आणली व्हती, जांभळ्या रेशमी रुमालात गाठ मारून बांधलेली. रुमालावर पांढरी पाखरं, लांब मानेची. म्हणली, आये, तिकडं आहेर असा बांधून देत्यात, अन् आहेर घेतला की रुमाल देणाऱ्याला माघारी करायचा. ती जिला सांभाळायची त्या म्हातारीनं आपल्या लग्नातला रुमाल तिला दिला व्हता. ह्यांनी बघितलं बी न्हाय. गाठोडं फळीवर ठेवून पोरगी निघाली, पाया पडली तर ह्यांनी पाय आखडून घेतले. ते अजून दिसतंय मला.

मग ह्यांच्या अंगावरनं वारं गेलं. उजवं अंग गेलं, समदं अंथरुणात. म्या धुयाची, पुसायची, पण वळवाया जमंना, तर सुरेखा फोनवर सांगायची, आये, आधी गुडघा दुमड, मग कुशीवर घे, वढू नको, त्यांना दुखंल. हे पडल्या पडल्या ऐकायचे. एक दिवस म्हणले, हेच करती व्हय पोरगी तिथं? म्या म्हणलं, व्हय, हेच. त्यांनी फळीकडं बोट केलं.

म्या गाठ सोडली, शाल अंगावर घातली. रुमाल डाव्या हातानं चाचपीत म्हणले, माघारी करायचा म्हणली व्हती न्हवं, रिकामा नको धाडू. म्या शेंगाची चटणी कुटली, बरणी रुमालात ठेवली. गाठ मात्र ते मारणार म्हणले. एक टोक म्या धरलं, एक त्यांनी डाव्या हातानं, गाठ सुटायची, पुन्हा मारायचे. माझ्या भावानं सोलापुरातनं पार्सल धाडलं.

पोचल्यावर फोन आला. आये, ही सैल गाठ तुझी न्हाय. म्या फोन ह्यांच्या तोंडाशी धरला. म्या मारली बाळ, म्हणले. तिकडं पोरगी रडाया लागली, इकडं हे. मग रोज बोलायचे, जीभ जड व्हती तरी.

आता हे गेले. सुरेखा येईस्तोवर समदं उरकलं व्हतं. लोक म्हणत्यात, एकटी कशी ऱ्हातीस, पोरीला बोलवून घे. म्या न्हाय बोलवत. तिथं बी कुणाची तरी आई अंथरुणात पडून तिची वाट बघत आसंल. देव तिच्या हाताला यश देवो, अन् त्या मुलखात तिला जेवलीस का म्हणून विचारणारं कुणी भेटो, एवढंच मागती म्या.