अमेरिकन सैनिकाची अटेस्टेड प्रत

पीएचडी म्हणजे बुद्धीचं काम, असं कोणाला वाटत असेल तर हे ऐका. माझा विषय अमेरिकेतलं यादवी युद्ध, तेही नाशिकमध्ये बसून! सायबर कॅफेत डोळे फोडून तिकडच्या एका संग्रहालयाच्या साइटवरून मी त्या युद्धातल्या एका सैनिकाने आईला लिहिलेलं पत्र छापून आणलं. आमचे गाइड म्हणाले, "इंटरनेटवर कोणीही काहीही टाकतं. गॅझेटेड ऑफिसरचा सही-शिक्का आणा, नाहीतर अख्खं प्रकरण उडवीन."

माझ्या ओळखीचे गॅझेटेड ऑफिसर एकच, गुरांचे डॉक्टर. त्यांनी नियमाप्रमाणे विचारलं, "ओरिजिनल कुठंय?"

"त्याच्या आईला गेलं, साहेब."

"मग ज्याने लिहिलंय त्याला घेऊन या."

"तो लढाईत कामी आला."

डॉक्टर एकदम हळवे झाले. "अरेरे! आपल्या देवळाली कॅम्पातला जवान का?"

मी खोटं बोललो नाही. नुसती मान खाली घातली. त्यांनी लगेच शिक्का मारला.

गाइडनी तो शिक्का उजेडात धरून नीट तपासला. पत्र वाचलंच नाही. म्हणाले, "शाब्बास! शिक्का खरा आहे, म्हणजे युद्ध झालेलं दिसतंय."