बायांच्या होडीतली सहावी

आमचं घर कोलशेतच्या पुढं, खाडीला लागूनच. बापूस मासेमारीला जायचा आणि आयस ती मासळी घेऊन ठाण्याच्या बाजारात बसायची, आमच्यात तसंच असतं, पकडायची पुरुषांनी, विकायची बायांनी, पुरुष माणूस पाटी घेऊन बाजारात बसला तर गिऱ्हाईकपण हसतं. मी जन्माला आले पोरगा म्हणून, नाव ठेवलं चांगदेव. लहान होते तवाच बापसाने होडीत घातलं, वल्हं हातात दिलं, आणि खरं सांगते, वल्हं मला आवडायचं, होडीतले पुरुष बोलायचे ते नाय आवडायचं, मी त्यांच्यातली नाय हे मला कळायचं आणि त्यांना तर माझ्याआधी कळलेलं.

मंग आयस वारली. बहिणी लहान, मासळी विकणार कोण. मी आयशीचं लुगडं नेसले, पाटी डोक्यावर घेतली आणि तिच्या जागेवर जाऊन बसले. काय सांगू तुमाला, आत्या म्हणाली, याला कल्याणला टाळ्या वाजवणाऱ्यांच्यात नेऊन सोडा, बापूस तर बोलायचाच बंद झाला. पण बाजारातल्या बाया, त्यांनी थोडे दिवस नुसतं बघितलं, आणि मंग शेजारी बसायची ती मथुराबाय एक दिवस म्हणाली, चांगुणा, जरा माझ्या पाटीवर लक्ष ठेव, मी मुतून येते. तेच माझं बारसं. तेव्हापासून सगळ्या बाया मला चांगुणाच म्हणायच्या.

तर ती शर्यत. नव्वद साल अजून यायचं होतं. गावदेवीच्या जत्रेला होड्यांची शर्यत असायची, पुरुषांची जुनी, बायांची तवा नवीनच सुरू झालेली. एक होडी आमच्या गावची, एक खाडीपलीकडची, सहा बाया वल्ह्यांवर, सुकाणूवर एक. जिंकलेल्या होडीतल्या प्रत्येक बाईला नवं लुगडं, तेपण माईकवर नाव पुकारून. त्या वर्षी आमच्यातली एक तापानं पडली आणि मथुराबाय म्हणाली, चांगुणा, तू बस. मी नको म्हणायला पाहिजे होतं. पण माझ्या अंगावर तोवर आयशीचीच जुनी लुगडी, दुकानात जायचे तर बहिणीला पाहिजे म्हणून सांगायचे, तरी दुकानदार गालात हसायचा, मी न घेताच परत यायचे, आणि इथं माईकवर नाव घेऊन कोणी मला लुगडं देणार, चांगुणा म्हणून. मला ते पाहिजेच होतं. दुसरं काय नाय.

बसले. वल्हं हातात आलं आणि माझे हात बापसाच्या होडीतले झाले. मी ओढायचे तशी होडी एका अंगाला वळायची, कारण समोरच्या बाजूच्या तिघींचा जोर माझ्या बाजूला पुरेना, सुकाणूवरनं मथुराबाय ओरडते, चांगुणा, हळू ओढ, होडी फिरतेय, ती सुकाणू दाबून दाबून थकली. काठावरच्या सगळ्या लोकांना दिसत होतं. मी हळू ओढू शकले असते. नाय ओढलं.

आमी जिंकलो. आमी काठावर उतरलो तशी पलीकडच्या होडीतली बेबीबाय पुढं आली, बाजारात तीपण आमच्याच रांगेला बसायची. ती रागानं नाय बोलली. म्हणाली, चांगुणाला मी बाय म्हणते, उद्यापण म्हणेन, पण हिचे हात लहानपणापासून पुरुषांच्या होडीत वाढलेत, आमी सगळ्याजणी जीव काढला तरी त्या हातांपुढं पुरणार नाय, हे बरोबर आहे का तुमीच सांगा. मथुराबाय म्हणाली, माझ्या बाजूला पाटी घेऊन बसते ती बाईच, आणि बाई बायांच्या होडीत नाय बसणार तर कुठं बसणार.

तेवढ्यात माईकवाल्यानं पुकारलं, चांगदेव, स्टेजवर ये. आख्खी जत्रा हसली. कोण म्हणालं डॉक्टर बोलवा, कोण म्हणालं डॉक्टर कशाला, लुगडं फेडून बघा. बेबीबायच त्या माणसाच्या अंगावर गेली, मी असं नाय बोलले, तोंड सांभाळ. माझ्या अंगावरचं आयशीचं लुगडं मी दोन्ही हातांनी धरून ठेवलं, इतक्या बायका-पोरांसमोर, आणि मला वाटलं खाडीनं आत्ताच्या आत्ता मला पोटात घ्यावं. मी स्टेजवर गेले, म्हटलं, बेबीबाय बरोबर बोलते, लुगडी तिच्या होडीला द्या. आणि खाली उतरले.

हसण्याची लाज एकवेळ जाते हो. पण आमच्या होडीतल्या बाकीच्या बायांचीपण लुगडी माझ्यामुळं गेली, त्यांनीपण हात सोलून घेतलेले. घरी जाताना मथुराबाय त्यांना म्हणाली, मीच बसवली हिला. ते ऐकून मला जास्त लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी बाजारात जायला पाय उचलेना. उशिरा गेले. माझ्या जागेवर कोणी बसलं नव्हतं, बेबीबायनं तिथं माझ्यासाठी बर्फ घेऊन ठेवलेला. बर्फाचे पैसे विचारले तर म्हणाली, वितळायच्या आत मासळी लाव.

आता दोघी गेल्या, मथुराबाय पण, बेबीबाय पण. टीव्हीवर कुठल्या कुठल्या देशातल्या खेळाडूंवरनं भांडणं लागतात, बाई कोण, कोणी कोणात खेळायचं, मी आवाज बंद करते. मला विचाराल तर बेबीबाय बरोबर होती. आणि मथुराबायपण बरोबर होती. दोघी बरोबर, तर मंग मी कुठं बसायचं, ते मला अजून कोणी सांगितलं नाय.

शर्यत अजून होते, आमच्या पोरींना वल्हं मारायला मीच शिकवते, काठावर उभी राहून. चांगल्या पोरी आहेत, देवी त्यांना सुखात ठेवो. परवा त्यातली एक म्हणाली, आजी, काठावरनं काय सांगतेस, ये की होडीत, थोडं मारून दाखव. मी म्हटलं, नको गं बाय, खांदा दुखतो.

खांद्याला माझ्या काय झालेलं नाय.