दाढ दाण्यांनी फुटली नाही

— नाही काकू, बोलू नका, इंजेक्शन चढू दे. आणि ते ‘माझंच चुकलं’ तर मुळीच म्हणू नका. चार भाजलेल्या दाण्यांनी दाढ फुटते होय? फोनवर मी रागावलो खरा — ‘काय वाट्टेल ते चावत बसता’ म्हणून — पण तेव्हाच मला माहीत होतं. हो, माहीत होतं! आता ती मुळापर्यंत चिरलीय, काढावीच लागणार, मग मी कुठल्या तोंडानं गप्प बसू?

हे बघा, दातात भरतो ना आम्ही, ते कंपोझिट — म्हणजे काय, तर राळ, आणि राळेत कालवलेली काचेची बारीक पूड. जोर सगळा त्या पुडीचा. पूड भरपूर असली की ते घट्ट होतं, थराथरानं दाबून बसवावं लागतं, घाम काढतं अगदी — पण दाढेला तेच हवं. पूड कमी, की पातळ. सुईतून आपसूक ओघळतं, खड्डा भरतं, दिसतंही छान. ते बारीकसारीक फटींसाठी. चावायच्या जागी झिजतं, तडकतं — पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही ठाऊक असतं हो! आणि सहा महिन्यांपूर्वी तुमच्या दाढेत मी काय भरलं? पातळ. एवढा मोठा खड्डा, सगळा पातळानं.

घाई होती, असं बायकोला सांगितलं. कसली घाई? बाहेर तुम्ही एकट्याच बसला होतात. — माझा हात बघताय ना? तेच ते. वर्ष झालं. आरसा धरताना कळत नाही, पण घट्ट दाबायला गेलो की थरथरतो, आणि पातळाला काय, दाबावंच लागत नाही. म्हणजे — एवढं सांगायचं नव्हतं मला. राहू दे. बधिर तेवढी केली, पण ही दाढ मी काढत नाही. समोरच्या डॉक्टरबाईंना फोन केलाय, त्या थांबल्यात तुमच्यासाठी.

हात कशाला धरता माझा? असं मायेनं नका ना बघू, लाज वाटते. चांगलं खडसवा मला. — काय? सावकाश बोला, ओठ बधिर झालाय. मुलीच्या दाढा? ... हो. तिच्याही मीच भरल्या, पातळानंच. गेल्या महिन्यात, दोन्ही बाजूंच्या, चारही. तुम्हीच घेऊन आला होतात तिला.

— सोडलात हात. बरं केलंत. उठा काकू, त्या वाट बघताहेत.